कागदी फुलांचा गुच्छ : वाचकांचे प्रश्न

गौरी-गणपती जवळ आले की माझ्याकडे क्रेप कागदाच्या फुलांचे प्रश्न यायला लागतात. दरवर्षी बहुतेक तेच. कुणीतरी कुठेतरी एक मिनिटाचा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्यातली अर्धवट गोष्ट घरोघर पोचलेली असते. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देते.

बहिणीच्या वाढदिवसाला बारा गुलाबांचा बुके करायचा आहे. दुकानदार म्हणतो, चार गुंडाळ्या घ्या. (पुणे)

लाल एक, हिरवी एक. 50 सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब अशा एका गुंडाळीत मध्यम आकाराचे वीस गुलाब सहज निघतात. बाकीच्या दोन घेऊ नका.

देठाला गुंडाळायची हिरवी टेप चिकटतच नाही. खोटी निघाली का? (सोलापूर)

ताणून गुंडाळा. ताण दिल्याशिवाय तिच्यातलं मेण काम करत नाही.

माझा गुलाब कोबीसारखा दिसतो. पाकळीला खोलगटपणा येत नाही, ओढली की फाटते. (नाशिक)

तुम्ही पाकळ्या आडव्या कापताय. क्रेप कागदावर बारीक सुरकुत्यांच्या रेघा असतात. पाकळीची उंची त्या रेघांच्या दिशेनं हवी, म्हणजे रेघा देठाकडून टोकाकडे जातील. कागद रेघांच्या आडव्या दिशेनं ताणला जातो. रेघा उभ्या असल्या तर दोन्ही अंगठे पाकळीच्या मधोमध ठेवून हलकेच बाहेर दाबलं की वाटी तयार होते. वरची कड पेन्सिलीवर किंचित वळवा. आधी एका तुकड्यावर करून बघा, मगच अख्खी गुंडाळी कापा.

पताकांचा पातळ क्रेप असेल तर फाटणारच. विकत घेताना वेष्टनावर जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किती लिहिलंय ते पाहा. 140 ते 180 चा कागद फुलांना चांगला. आकडाच छापलेला नसेल आणि दुकानदार नुसतं ‘इम्पोर्टेड’ म्हणत असेल, तर तो शब्द ऐकून जादा पैसे देऊ नका. छोटा तुकडा मागून घ्या, हातानं ताणून बघा आणि फुलं करणाऱ्या कुणालातरी दाखवा.

परवा राखी आहे. आज रात्री बसून पन्नास फुलं होतील ना? (ठाणे)

नाही. नवख्या हाताला एका गुलाबाला अर्धा तास लागतो. पाच करा, नीट करा. पुढच्या वेळी महिनाभर आधी विचारा.

आमच्याकडे पावसात फुलं दोन दिवसांत मान टाकतात. (चिपळूण)

कागद हवेतलं पाणी पितो, सुरकुत्या सैल पडतात आणि पाकळी लोळते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात हे होणारच. जाड कागद घ्या. पातळच मिळत असेल तर फेव्हिकॉल पातळ करून दोन थर एकमेकांवर चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग कापा. मैद्याची खळ वापरू नका, तिला बुरशी येते आणि कसर लागते. तयार फुलं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि द्यायच्या दिवशीच बाहेर काढा. पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

रंगाचंही बघा. लाल, जांभळा क्रेप ओल्या हाताला लगेच रंग सोडतो. आईच्या एकसष्टीला मी लाल गुलाबांचा गुच्छ केला होता. तिनं नुकतेच हात धुतले होते. तिच्या मोतिया रंगाच्या साडीच्या निऱ्यांवर पाच बोटं उमटली, ती आजतागायत गेली नाहीत. म्हणून देठाला धरायच्या जागी रिबन गुंडाळायचीच. कपड्यावर डाग पडला असेल तर घरी घासत बसू नका, ड्रायक्लीनरला विचारा.

फुलं टिकावीत म्हणून हेअरस्प्रे मारतात किंवा वितळलेल्या मेणात बुडवतात असं ऐकलं. गुच्छ गौरीपुढे ठेवायचा आहे. (सातारा)

हे ‘असं ऐकलं’ मला दरवर्षी घाबरवतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कागदी फूल हे पेटायला अतिशय सोपं असतं. पाकळ्या पातळ, त्यांच्यामध्ये सगळीकडे हवा. वहीचा गठ्ठा पेटायला वेळ लागतो, फुलाला लागत नाही. त्यावर तुम्ही हेअरस्प्रे मारता. त्यात अल्कोहोल असतं, डब्यातला दाबाचा वायूही बहुधा ज्वलनशील असतो. डब्यावर ज्योतीचं चित्र छापलेलं असतं, ते एकदा वाचा. आणि मेणात बुडवलेला कागद म्हणजे काय? वातीला मेण लावलं की मेणबत्तीच होते. अशी मेणबत्ती आपण समईशेजारी ठेवतो.

एका दिवाळीत माझ्याच घरी कागदी कमळांचा गुच्छ निरांजनापासून वीतभर लांब होता. कुणीतरी पंखा लावला. एक पाकळी ज्योतीकडे झुकली. मी हातातला तांब्या खाली ठेवून वळले, तोवर काळ्या तारा उभ्या होत्या आणि त्यांच्यावर हिरवी टेप बुडबुडत होती. पडद्याची कड जळली. मूल जवळ नव्हतं, एवढंच. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिला धडा कात्रीचा नसतो, हा असतो.

तेव्हा गुच्छाला काहीही फवारू नका. दिव्यापासून निदान एका हातभर दूर ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात नको, वर लोंबणाऱ्या माळा नकोत. केकवरच्या मेणबत्त्यांशेजारी मुळीच नको. भेट देताना चिठ्ठीत एक ओळ लिहा : ‘दिव्याजवळ ठेवू नये.’ मखर मोठं असेल, सोसायटीचं किंवा मंडळाचं असेल, तर ज्वालारोधक कागद वापरा आणि जागा अग्निशमन दलाच्या माणसाला आधी दाखवा. आरतीची घाई सुरू झाल्यावर कुणाला वेळ नसतो.

ऑनलाइन ‘पाच वर्षं रंग न उडणारे, धुता येणारे कागदी बुके’ मिळतात. घ्यावेत का? (नागपूर)

धुता येतात ती बहुधा कागदाची नसतात. आणि खिडकीतल्या उन्हात रंगीत कागद फिकटतोच. माल नेमका कशाचा आहे ते विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

मुलगी नऊ वर्षांची. ग्लू गन द्यावी का? (कोल्हापूर)

नाही. साधी गन 190 अंशांच्या आसपास तापते, कमी तापमानाचीही 120 च्या. तो गोंद कातडीला चिकटून राहतो. तिला फेव्हिकॉल द्या, तारेची टोकं तुम्ही वळवून टेपनं बंद करा. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चिकटलेला गोंद ओढू नका, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड आला तर डॉक्टरांकडे.

कागदी गुच्छ दवाखान्यात नेता येईल का? (लातूर)

वॉर्डच्या सिस्टरना विचारून. आयसीयूत नेऊ नका.

आत्याला सोनचाफा फार आवडतो. नमुना कुठे मिळत नाही, आणि वास कसा आणायचा? (वसई)

नमुना तुमच्या गावातच आहे. ताजी दोन फुलं आणा. एकाच्या पाकळ्या एकेक करून सोडवा, ओळीनं कागदावर ठेवा आणि पेन्सिल फिरवा. बाहेरच्या रुंद, आत जाल तशा अरुंद होत जातात. हा फरक ठेवला नाही तर चाफा चाफा दिसत नाही. दुसरं फूल समोर पाण्यात ठेवून त्याच्याकडे बघत बांधा. रंग एकच पिवळा घेऊ नका, आतल्या पाकळ्यांना किंचित केशरी घ्या.

अत्तर पाकळीवर लावू नका, तेलाचा डाग पसरतो. देठाच्या तळाशी, टेपच्या आत कापसाचा छोटा बोळा ठेवा आणि त्यावर एक थेंब टाका. त्याआधी आत्याला अत्तरानं डोकं दुखतं का, दमा आहे का, ते घरच्यांना विचारून घ्या.