२०१६ चं क्रेडिट कार्डचं थकलेलं बिल, आता वसुलीवाल्यांचे फोन : काय करावं?

आधी एक करा : फोनवर घाबरून 'थोडे थोडे भरतो' असं काही लिहून देऊ नका. मेसेजही नको.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते. त्या ३ वर्षांत तुम्ही काही रक्कम भरली असेल किंवा देणं लेखी कबूल केलं असेल, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. म्हणून जुनी स्टेटमेंट काढून बघाच. मुदत उलटून गेली असली तरी सही करून 'देईन' असं लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ते वचन बंधनकारक ठरतं. वसुलीवाले गोड बोलून नेमकं तेच मागतात.

मुदत गेली म्हणजे देणं पुसलं गेलं असं मात्र नाही. सिबिलवर त्याचा डाग राहू शकतो. आणि कोर्टाचं समन्स आलंच तर हजर राहा, नाहीतर एकतर्फी निकाल लागायचा.

सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही.