पॅकेज गेलं, फाइल राहिली

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२५ ला संपला. इतकी वर्षं कोपऱ्यात निमूट चाललेले सर्व्हर मग एकेक करून २२.०४ वर चढले आणि त्यांच्या तक्रारी या सदराच्या टपालात येऊ लागल्या. त्यातली काही पत्रं आज घेते. कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजीत आणि स्मॉल लेटर्समध्ये.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच मशीनवर जुन्या प्रश्नपत्रिकांचं, पीएचपी या वेबच्या भाषेत लिहिलेलं एक पान होतं. उबुंटू २०.०४ चं २२.०४ केलं. मशीन सुरू होतं, लॉगिनही होतं, पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही. बऱ्याचदा रीस्टार्ट करून झालं. एक जण म्हणतो, अपाचे (वेब सर्व्हर) काढून पुन्हा टाका. टाकू का?
— ग्रंथालय सहायक, कराड

उत्तर : नका टाकू. कोहाचं पॅकेज अपाचेवर अवलंबून आहे. अपाचे काढायला गेलात तर एपीटी हा पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम कोहाही काढायला निघेल, आणि तुम्ही घाईत 'वाय' दाबाल. रीस्टार्टचंही पुरे आता. रीस्टार्टने जाणारं दुखणं पहिल्या खेपेलाच जातं.

'अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही कमांड चालवा. ती कशालाही हात लावत नाही, फक्त सेटिंग वाचते आणि कुठे अडलं ते सांगते. पैज लावते, 'लिबपीएचपी७.४.एसओ' नावाची फाइल सापडत नाही, असं उत्तर येईल.

त्याचं कारण असं. २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ आहे. अपग्रेडने ७.४ चं पॅकेज काढलं. पण पॅकेज काढण्याचे दोन प्रकार आहेत. 'रिमूव्ह' केलं की प्रोग्रॅम जातो आणि इटीसी फोल्डरमधली सेटिंग राहतात. 'पर्ज' केलं की सेटिंगही जातात. अपग्रेड सहसा रिमूव्ह करून पुढे जातं. त्यामुळे अपाचेच्या 'मॉड्स-एनेबल्ड' फोल्डरमध्ये पीएचपी७.४ ची चिठ्ठी अजून आहे, आणि ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती मात्र डिस्कवर नाही. अपाचे अशा वेळी 'नसेल तर नसू दे' म्हणत नाही, सुरूच होत नाही. कोहा पर्लमध्ये लिहिलेलं आहे, त्याचा पीएचपीशी काडीचा संबंध नाही. पण दोघांना वाढणारा अपाचे एकच. सुक्याबरोबर ओलंही जळालं, ते असं.

उपाय एका ओळीचा : 'ए२डिसमॉड पीएचपी७.४'. मग पुन्हा कॉन्फिगटेस्ट. 'सिंटॅक्स ओके' आलं की अपाचे सुरू करा, कोहा दिसेल. पैज मी हरले तर 'जर्नलसीटीएल -यू अपाचे२ -बी' चालवा आणि वरून वाचत या. बहुतेक लोक शेवटची ओळ वाचतात. तिथे फक्त 'सुरू करता आलं नाही' एवढंच असतं, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे. कामाची असते ती पहिली तक्रार.

कोहा दिसल्यावरही दोन गोष्टी बघायच्या आहेत. अपग्रेड करणारा प्रोग्रॅम बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसची भांडारं, बंद करून ठेवतो. कोहाची पॅकेजेस कोहा समुदायाच्या रिपॉझिटरीतून येतात, म्हणजे तीही बंद झाली असणार. एपीटीच्या सोर्सेस यादीत त्या ओळीपुढे हॅश लागलेला दिसेल. तो काढा, २२.०४ वर चालणारी कोहाची आवृत्ती निवडा आणि मगच अपडेट करा. दुसरी गोष्ट पर्लची. ते ५.३० वरून ५.३४ वर गेलंय. पूर्वी कुणी उत्साही माणसाने सीपॅन या पर्लच्या भांडारातून हाताने काही मॉड्यूल्स टाकली असतील, तर त्यांतली सीमध्ये कम्पाइल झालेली नव्या पर्लशी जुळणार नाहीत आणि पान '५००' दाखवेल. कोहाच्या लॉग फोल्डरमधली 'प्लॅक-एरर' ही फाइल वाचलीत की कुठलं मॉड्यूल ते नावानिशी कळेल. सीपॅनचं काढून त्याच नावाचं एपीटीचं टाका.

आणि पुस्तकाची नोंद क्रमांकाने उघडते, पण शोधात शून्य निकाल येतात, असं झालं तर ग्रंथपालांना लगेच फोन करू नका. नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये सुखरूप असतात. शोधाची सूची झेब्रा या शोधयंत्राकडे वेगळी असते. ती नव्याने बांधा : 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही' आणि पुढे तुमच्या इन्स्टन्सचं नाव. नोंदी लाखभर असतील तर ही कमांड संध्याकाळी लावून घरी जा.

राहिलं प्रश्नपत्रिकांचं पान. त्यासाठी पीएचपी ८.१ टाकता येईल. पण जुन्या कोडमध्ये 'इच' किंवा 'क्रिएट_फंक्शन' असेल तर ती दोन्ही ८.० मध्येच काढून टाकली गेली, आणि रिकाम्या व्हेरिएबलवर 'काउंट' लावलं तर पूर्वी नुसती सूचना यायची, आता प्रोग्रॅम थांबतो. मला विचाराल तर पीडीएफची यादी दाखवायला पीएचपी हवंच कशाला? एचटीएमएलचं एक साधं पान करा आणि सुटा.

प्रश्न : आमचं शीतगृह आहे, द्राक्षांचं. हिशेबाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. २२.०४ करताना शेवटी 'जुनी पॅकेजेस काढू का' असं आलं, पुतण्याने हो म्हटलं. आता सॉफ्टवेअर ५४३२ पोर्टवर जोडलंच जात नाही. ५४३३ टाकलं तर जोडलं जातं, पण आमचा डेटाबेस अस्तित्वात नाही म्हणतं. बॅकअप जुना आहे. सगळं गेलं का?
— पिंपळगाव बसवंत

उत्तर : गेलेलं नाही. पुतण्याला रागावू नका, त्याने रिमूव्ह केलंय. मात्र या क्षणापासून त्या मशीनवर कुणालाही 'पर्ज' हा शब्द टाइप करू देऊ नका. कराडच्या वाचकांना पीएचपी पर्ज करून काही फरक पडला नसता. तुमच्याकडे पर्ज म्हणजे डेटावरच घाला.

'पीजी_एलएसक्लस्टर्स' चालवा. दोन ओळी दिसतील. एक १२ ची : पोर्ट ५४३२, स्थिती 'डाउन, बायनरीज मिसिंग'. दुसरी १४ ची : पोर्ट ५४३३, 'ऑनलाइन'. २०.०४ मध्ये पोस्टग्रेस १२ होतं, २२.०४ मध्ये १४ आहे. १४ आलं तेव्हा ५४३२ आधीच अडवलेला होता, म्हणून त्याने शेजारचा पोर्ट घेतला आणि स्वतःचं नवं, रिकामं घर थाटलं. तुम्ही डोकावलात ते त्या रिकाम्या घरात. तुमचा डेटा '/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/१२/मेन' इथे जसाच्या तसा पडून आहे, फक्त तो उघडणारा प्रोग्रॅम काढला गेलाय. खात्री हवी तर 'डीयू -एसएच' लावून दोन्ही फोल्डरांचं वजन बघा. १४ चं काही मोजके एमबी भरेल.

आता क्रम मोडू नका. पहिलं काम, तो १२ चा अख्खा फोल्डर 'टार' करून बाहेरच्या डिस्कवर घ्या. रूट (मुख्य प्रशासक) म्हणून घ्या, म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतील. मग पोस्टग्रेस प्रकल्पाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी जोडा आणि तिथून फक्त 'पोस्टग्रेस्क्यूएल-१२' मागा, बाकी काही अपडेट करू नका. १२ चा शेवटचा अपडेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्यामुळे नेहमीच्या जागी ते मिळालं नाही तर त्याच प्रकल्पाच्या आर्काइव्हमध्ये शोधा. टाकून झालं की 'पीजी_सीटीएलक्लस्टर १२ मेन स्टार्ट', आणि सॉफ्टवेअरचा पोर्ट परत ५४३२ करा. चालू झालं की आधी 'पीजी_डम्पऑल' चालवून सगळ्या डेटाची प्रत (डम्प) घ्या. आवकजावक सुरू करायची ती त्यानंतर.

१४ वर जाणं हे नंतरचं, सवडीचं काम. त्यासाठी रिकामं १४ काढावं लागतं : 'पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १४ मेन'. एंटर मारण्यापूर्वी तो आकडा मोठ्याने वाचा. तिथे १२ टाकलात तर ही कमांड काही विचारत बसत नाही, सरळ पुसते. मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १२ मेन'. हा प्रोग्रॅम गुणी आहे. डेटा १४ मध्ये नेतो, ५४३२ पोर्ट नव्याला देतो आणि जुनं क्लस्टर, म्हणजे १२ चं घर, बंद करून ठेवतो, पुसत नाही. ते तसंच राहू द्या. निदान एक महिनाअखेर त्यावर निघून जाऊ दे, ताळेबंद जुळू दे.

प्रश्न : पतसंस्थेचा सर्व्हर १८.०४ वरून २०.०४ आणि मग २२.०४ असा आणला. पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर तोच ठेवला. सगळं चालतंय, पण एकच सभासद क्रमांक दोनदा नोंदला गेलाय. तो रकाना युनिक आहे! सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ऑपरेटरची चूक. क्रमांक १-१२ अशा पद्धतीचे आहेत.
— संगणक विभाग, इचलकरंजी

उत्तर : ऑपरेटर बिचारा निर्दोष आहे. युनिक रकान्यात दुहेरी नोंद माणसाला ठरवूनही करता येत नाही.

दोष तुमच्या क्रमांकातल्या त्या आडव्या रेघेशी येऊन थांबतो. अक्षरं कुठल्या क्रमाने लावायची हे पोस्टग्रेस सहसा जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. १८.०४ मध्ये २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१. म्हणजे पहिल्याच उडीत तुम्ही ती रेषा ओलांडलीत. पूर्वी '११' आधी यायचं आणि '१-१' नंतर. आता '१-१' आधी येतं. इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने चालणारा. तो चुकीच्या फांदीवर जातो, 'असा क्रमांक नाही' म्हणतो आणि दुसरी नोंद खुशाल घेतो. ज्यांचा डेटाबेस 'सी' लोकॅलवर (भाषेचे नियम न लावणाऱ्या क्रमावर) आहे त्यांना ही बाधा होत नाही.

आधी डम्प घ्या. मग दुहेरी नोंदी शोधून मिटवा, कारण त्या असेपर्यंत युनिक इंडेक्स नव्याने बांधलाच जाणार नाही. शोधतानाही जुन्या इंडेक्सवर विसंबू नका. त्या सेशनपुरते 'एनेबल_इंडेक्सस्कॅन', 'एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन' आणि 'एनेबल_बिटमॅपस्कॅन' ऑफ करा, म्हणजे तो टेबल ओळीओळीने वाचेल. मग 'रीइंडेक्स डेटाबेस'. दोहोंतली कुठली नोंद ठेवायची हे मात्र संगणक विभागाने ठरवू नये. दोन्ही खात्यांवर पैसे जमा झालेले असू शकतात. व्यवस्थापक आणि लेखापाल दोघांच्या सह्या घ्या.

प्रश्न : रोज रात्री जुन्या नॅस बॉक्सवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) बॅकअप टाकणारी स्क्रिप्ट २२.०४ नंतर थांबली. 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' असं काहीतरी येतं.
— छापखाना, नांदेड

उत्तर : दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये ८.८ पासून शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेली 'एसएसएच-आरएसए' सही मुळातच बंद आहे. २२.०४ मध्ये ८.९ आहे आणि तुमच्या नॅसला तेवढी एकच सही येते. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या नॅसच्या नावाखाली 'होस्टकीअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए' लिहा. कीने लॉगिन करत असाल तर 'पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स'लाही तेच. सगळ्या जगासाठी ही सूट उघडू नका. आणि नॅस बदलायला काढा.

प्रश्न : २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येईल का? आणि अपग्रेड कधी करावं?
— दूध संघ, सांगली जिल्हा

उत्तर : थेट नाही. मध्ये २२.०४ वर उतरावंच लागतं. तिथे उतरल्यावर लगेच पुढची गाडी पकडू नका. प्रत्येक सेवा तपासा, नवा बॅकअप घ्या, मग पुढे.

कधी करावं याचं माझं उत्तर कारखान्यातलं आहे. मी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात नोकरी केली. गव्हाणीत मोळी पडली की वजनकाट्याच्या सर्व्हरला हात लावायचा नाही, हा तिथला अलिखित कायदा होता. काटा थांबला की गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि ऊस उन्हात वाळतो. दूध संघात तर हंगाम असा संपतच नाही, म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाच्या मधली वेळ घ्या. त्यातही त्याच मशीनची प्रत दुसऱ्या डब्यावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये उभी करून आधी तिथे अपग्रेड करा. वरची चारही दुखणी तिथेच बाहेर पडली असती.

एसएसएचवरून करणार असाल तर अपग्रेड प्रोग्रॅम अडीअडचणीसाठी १०२२ पोर्टवर दुसरं एसएसएच उघडून ठेवतो. फायरवॉल आडवी येत असेल तर ती वाट नुसती नावाला. आधी तपासा.

प्रश्न : अपग्रेड चालू असताना सारखं विचारतं, 'जुनी सेटिंग फाइल ठेवू की नवी घेऊ?' काय सांगायचं?
— विद्यार्थी, पणजी

उत्तर : तुम्ही स्वतः बदललेली फाइल असेल तर जुनी ठेवा. नवी त्याच फोल्डरमध्ये '.डीपीकेजी-डिस्ट' किंवा '.यूसीएफ-डिस्ट' अशी शेपूट लावून ठेवली जाते. नवी घेतलीत तर जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' किंवा '.यूसीएफ-ओल्ड' म्हणून सापडते. अपग्रेड संपल्यावर इटीसीमध्ये या चारही शेपटा शोधा आणि प्रत्येक जोडीतला फरक 'डिफ' लावून बघा. सुरुवात 'एसएसएचडी_कॉन्फिग'पासून करा. 'एसएसएचडी -टी' काही कुरकुर न करता परत आलं, तरच सेवा रीस्टार्ट करा, आणि चालू असलेली खिडकी बंद करण्यापूर्वी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय ना ते बघा.