नोकरी पुण्यात, केसरची बाग अंबाजोगाईत

प्रश्न : साहेब, मी पुण्यात अभियंता आहे. अंबाजोगाई तालुक्यात तीन एकर जमीन आणि विहीर आहे. वडील थकलेत, मला फक्त शनिवार-रविवारी येता येतं. केसर आंबा लावायचाय. रोपांचे डीलर म्हणतात, अतिघन (खूप जवळजवळ) लावा, चौथ्या वर्षी पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखून मोहर आणणारं औषध) ओता, बहर हमखास. काय करावं?

उत्तर : केसर लावा, अतिघन नको. अतिघन बागेला फळं उतरली की लगेच छाटणी लागते, दरवर्षी. तुम्हाला तेव्हा रजा मिळेलच असं नाही. 5 × 5 मीटरवर लावा, एकरी 160 झाडं. पहिल्या वर्षी एकच एकर करा.

पॅक्लोब्युट्राझॉल चौथ्या वर्षी ओतायचं नाही. झाड दहा वर्षांचं होईपर्यंत त्याचा विचारही नको. पुढेही 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्येच, झाडाच्या फांद्यांच्या विस्ताराच्या (व्यासाच्या) दर मीटरला 3 मिली. डीलर म्हणतो म्हणून दुप्पट नाही, राहून गेलं म्हणून ऑक्टोबरात नाही. हे औषध जमिनीत टिकून राहतं. जास्त झालं की पेरं आखडतात, मोहराचे गुच्छ होतात, वाढ खुंटते. अशा बागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्या सावरायला वर्षं जातात. उलट पहिली तीन वर्षं आलेला मोहर खुडून टाका.

नोकरदारांच्या बागेत पाण्याचीही हीच गत. मोबाईलवरून मोटार चालू होते, म्हणून बारा महिने ठिबक चालू. फळावर आलेल्या झाडाला पावसाळा संपला की पाणी तोडा, फळं वाटाण्याएवढी झाल्यावरच सुरू करा. मध्येच पाणी दिलं तर मोहराऐवजी पालवी येते.

फवारणीसाठीही शनिवारची वाट पाहू नका. भुरी (मोहरावरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम, बस. दुकानदाराने हातात दिलेल्या चार बाटल्या एका पंपात मिसळू नका. मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, मधमाश्या मरतात आणि फळधारणा घटते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा : पिशवीतली कलमं विकत न आणता जागेवर कलम करा. जूनमध्ये प्रत्येक खड्ड्यात रायवळ (गावरान) आंब्याच्या तीन-चार ताज्या कोया लावा. वाळलेल्या कोया उगवत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात खात्रीच्या, फळ देणाऱ्या केसरच्या काड्या आणून जाणत्या माणसाकडून कलम बांधून घ्या. सोटमूळ न तुटता खोल जातं, आठ दिवस पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. तुमच्यासारख्यांना हीच पद्धत. कलमाच्या खाली खुंटाला फुटलेली फूट मात्र प्रत्येक फेरीत काढा, नाहीतर केसर मरतो आणि रायवळ वाढतो.

अनुदान : राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदानाची रक्कम तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के अशा हप्त्यांत मिळते, पुढच्या हप्त्यांसाठी ठरल्याइतकी झाडं जिवंत हवीत. फक्त शेतीवर जगणाऱ्यांना आधी प्राधान्य. पूर्वसंमती येण्याआधी खड्डे काढू नका. जागेवरच्या कलमाचं कसं धरतात, ते गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) अर्जाआधीच विचारून घ्या.