गरोदरपणात गर्द सोडवायचे आहे, जायचे कोठे?

प्रश्न : माझी धाकटी बहीण लग्नानंतर नवऱ्याच्या संगतीने गर्द ओढू लागली. आता तिला पाचवा महिना आहे. महापालिकेच्या रुग्णालयात नाव घातले आहे, परंतु व्यसनाविषयी तिने तेथे काही सांगितलेले नाही. एका व्यसनमुक्ती केंद्राने ‘गरोदर बाई घेत नाही’ म्हणून आम्हाला परत पाठवले. तिच्या सासूबाई म्हणतात की आठ दिवस गावी खोलीत ठेवा, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा त्रास) सोसली की आपोआप सुटेल. डॉक्टरांना सांगितले तर पोलीस येतील, बाळ काढून घेतील, अशी बहिणीला भीती वाटते. काय करावे?
– एक भगिनी, ठाणे जिल्हा

उत्तर : तिला कृपया कोंडून ठेवू नका. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. ते एकाएकी बंद केल्यावर येणारी टर्की एरवी सहसा जिवावर बेतत नाही, परंतु गरोदरपणात तिच्यामुळे अवेळी कळा सुरू होऊ शकतात आणि गर्भावरही ताण येतो. शिवाय असे सोडलेले गर्द बहुधा पुन्हा सुरू होते, आणि मधल्या दिवसांत शरीराची सवय उतरलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा स्त्रीला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या, गर्दाच्याच जातीच्या, औषधावर स्थिर ठेवण्यास प्राधान्य दिलेले आहे. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिनच्या, जिभेखाली विरघळवायच्या गोळ्या अधिक वापरल्या जातात. ‘हे तर एक सोडून दुसरे व्यसन’ असे घरचे म्हणतील. परंतु मोजून दिलेल्या या औषधाने नशेचे चढउतार थांबतात, गर्भाला वारंवार टर्की सोसावी लागत नाही आणि तिला मालासाठी अड्ड्यावर जावे लागत नाही. शेवटच्या महिन्यांत मात्रा वाढवावी लागली, तर ती प्रकृती बिघडल्याची खूण समजू नये.

त्या केंद्राने आपल्याला पुढचा रस्ता दाखवायला हवा होता, हे खरे. तथापि जेथे प्रसूतितज्ज्ञ नाही, तेथे तिला न ठेवणेच बरे. मानसोपचार आणि प्रसूती हे दोन्ही विभाग एका आवारात असलेले शासकीय किंवा महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय गाठावे आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची कागदपत्रे दाखवावीत. जवळचे उपचार केंद्र १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे, परंतु गरोदरपणात तेथे दाखल होण्याविषयी आधी फोनवर विचारूनच निघावे.

कायद्याची भीती मी समजू शकतो. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा समावेश आहे आणि उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा रुग्णाचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. आई मानसोपचार संस्थेत दाखल असली, तरी तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये, असेही हा कायदा म्हणतो. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ तर सेवनाचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीलाही, तिने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास, खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

डॉक्टरांना सांगताना काहीही गाळू नये. झोपेच्या गोळ्या, दारू, आणि हो, मिश्रीसुद्धा (आपल्याकडे तिला कोणी व्यसन समजत नाही, पण ती तंबाखूच आहे). दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोजच्या असतील, तर त्याही मनाने एकदम थांबवू नयेत. एचआयव्हीबरोबर कावीळ ‘ब’ आणि ‘सी’ यांच्या तपासण्याही करून घ्याव्यात.

प्रसूतिगृहात ती ब्युप्रेनॉर्फिनवर असल्याचे केसपेपरवर ठळकपणे लिहून घ्यावे. कळांच्या वेळी दुखणे कमी करण्यासाठी पेंटाझोसिनचे (अनेकांना ‘फोर्टविन’ म्हणून परिचित) इंजेक्शन दिले गेले, तर तिला तत्काळ टर्की येऊ शकते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळ थरथरते, चिडचिडते किंवा नीट दूध घेत नाही, असे होऊ शकते. त्यामुळे घरी जाण्याची घाई न करता बाळाला काही दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे. शांत, मंद प्रकाशाची खोली, गुंडाळून उराशी धरणे आणि आईचे दूध यांवर बरीच बाळे सावरतात. काहींना औषध लागते. आई औषधावर स्थिर असून गर्द घेत नसेल आणि एचआयव्हीची लागण नसेल, तर अंगावर पाजण्यास हरकत नसते.

राहिला तिचा नवरा. तो घरात ओढत राहिला, तर तिचे उपचार टिकणे फार कठीण आहे. पहिल्याच खेपेला त्याचाही केसपेपर काढावा, आणि तो तयार नसेल, तर तिने बाळंतपणासाठी लवकरच माहेरी यावे.