लॅपटॉप मध्येच गोठतो, हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतो आणि हायबरनेटमधून उठत नाही: काय करावं?

आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, आजच. बाकी सगळं नंतर.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे: डिस्क. हायबरनेट करताना विंडोज रॅममधला मजकूर सी ड्राइव्हवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये लिहितं आणि चालू करताना तिथूनच वाचतं. त्या जागेतले सेक्टर (डिस्कवर माहिती साठवणारे छोटे कप्पे) खराब असतील तर लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर अडकतो. एरवी गोठतो तोही याचमुळे, डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते.

हलकी घरघर चालते, पण ठरावीक लयीतली टक-टक म्हणजे वाचणारं हेड चुकतंय. कॉपी होण्याआधी चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधणारं) किंवा डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) ही विंडोजची साधनं अजिबात चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर ताण वाढतो. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा (नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा) आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका, तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. जुना लॅपटॉपही त्यानं चांगलाच पळतो.

आकडे स्वच्छ निघाले तरच चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्ड विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याकडे वळा. फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करणारी सोयही बंद करून पाहा, तेही हायबरनेटचीच फाइल वापरतं.