मृत्युपत्रातली इच्छा आयसीयूत कामाला येत नाही

इंदूरमधल्या सुदामानगरच्या एका ताईंनी वडिलांसाठी सल्ला विचारला आहे. वडील 78 वर्षांचे, विद्युत मंडळातून निवृत्त. गेल्या दिवाळीच्या सुमारास मोटर न्यूरॉन डिसीजचं, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत नेणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचं, निदान झालं. उजवा हात गेला आहे, डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चालतात, बोलणं जड झालंय पण कळतं, डोकं पूर्ण शाबूत. रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मास्कचं यंत्र, लागतो. पोटात नळी टाकायची की नाही, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. बाबा व्हेंटिलेटर नको म्हणतात. कधी म्हणतात विनोबांसारखं जाऊ द्या, कधी म्हणतात स्वित्झर्लंडला न्या. पुण्याचा भाऊ म्हणतो, शेवटपर्यंत सगळे उपचार झालेच पाहिजेत. 2019 साली बाबांनी मृत्युपत्र केलं, त्याच्या शेवटच्या परिच्छेदात "मला नळ्या लावून जगवू नये" असं वाक्य आहे. ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ताई विचारतात, इच्छामरणाचा कायदा होईपर्यंत एवढं वाक्य पुरेल ना?

नाही पुरणार, ताई. आणि कायदा होण्याची वाट तर अजिबात बघू नका. तुमच्या बाबांना जे हवं आहे त्यातल्या मोठ्या भागाची सोय आज उपलब्ध आहे. ती वापरायला नवा कायदा लागत नाही, बाबांचा आवाज आणि अंगठा लागतो, आणि तोच वेळ तुम्ही घालवता आहात.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलायला लागतं. बाबा आयसीयूत असतील तेव्हा ते जिवंत असतील, म्हणजे त्या कागदाला तेव्हा आवाजच नाही. वर तो लॉकरमध्ये, आणि लॉकरची चावी शोधेपर्यंत घशात नळी गेलेली असेल. शिवाय "नळ्या" म्हणजे कोणत्या? सलाईनची, लघवीची, अन्नाची की श्वासाची? 2018 च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद, संदिग्ध असेल तर डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने ते अमलात आणू नये. पण हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. त्या परिच्छेदात खरी उणीव एकच आहे आणि तिच्यावरच तुमचं प्रकरण अडणार आहे: बाबांना बोलता येईनासं झाल्यावर त्यांच्या वतीने संमती कोण देणार, त्याचं नाव त्यात नाही.

हे नाव का महत्त्वाचं ते सांगतो. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 24 जानेवारी 2023 ला दुसऱ्या घटनापीठाने त्याची पद्धत सोपी केली. आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. कोर्टात तारीख मिळेपर्यंत रुग्णच उरायचा नाही, ही साधी गोष्ट उमगायला आपल्या व्यवस्थेला जवळजवळ पाच वर्षं लागली. आता दोन साक्षीदार, शक्यतो स्वतंत्र, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. इच्छापत्रात पालक किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव द्यावं लागतं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. रुग्णाची निर्णयक्षमता गेली आणि प्राथमिक व दुय्यम मंडळाने उपचार थांबवावेत असं मत दिलं, की लेखी संमती त्या नावाच्या माणसाची घेतली जाते. नाव नसेल, किंवा इच्छापत्रच नसेल, तर मंडळ कुटुंबीयांकडे वळतं. कुटुंबीय म्हणजे तुम्ही आणि तुमचा भाऊ. भाऊ "नाही" म्हणाला की मंडळातले डॉक्टर हात आखडते घेणार, आणि त्यांना मी दोष देणार नाही. फौजदारी तक्रारीची भीती कोणाला नसते?

तेव्हा मुद्दा एवढाच आहे. बाबांनी नवं, स्वतंत्र इच्छापत्र करायचं, त्यात माणसाचं नाव घालायचं, आणि हे बोलणं समजतंय तोवर करायचं. 2019 पासून तो कागद घरात कोणीच वाचून पाहिला नाही, निदान झाल्यानंतरही नाही, याचा मला खरोखर राग येतो. घराची रजिस्ट्री आपण चार वेळा तपासतो.

नाव कोणाचं, हे बाबांनी ठरवायचं, तुम्ही नाही. तुमचं आणि भावाचं अशी दोन्ही नावं घातली तर दोघांची संमती लागेल की एकाची पुरे, हे लिहिलंच पाहिजे; नाहीतर आजचा घरातला पेच उद्या कागदावर जाईल. माझ्या मते क्रम द्यावा: पहिलं नाव, ते उपलब्ध नसेल किंवा नकार देईल तर दुसरं. मसुदा तुम्ही लिहू नका आणि सही होताना खोलीत थांबू नका. घर बाबांच्या नावावर आहे आणि मृत्युपत्रात त्याचा मोठा वाटा तुम्हाला दिला आहे असं तुम्हीच कळवलं आहे. भावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. साक्षीदार शेजारचे, बाबांच्या ऑफिसातले जुने सहकारी, असे ज्यांना मालमत्तेतून काही मिळायचं नाही ते घ्या. घराचा, बँकेचा, दागिन्यांचा एक शब्दही या कागदात येऊ देऊ नका.

नोटरी घरी येतात, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा लागतो. नोटरी जमला नाही तर ओळखीतला कोणी राजपत्रित अधिकारी बघा. कागद बाबांना त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी समजून, कोणाच्या दबावाशिवाय अंगठा केला, परिणाम त्यांना माहीत आहेत आणि ते कधीही लेखी रद्द करू शकतात, हे सगळं त्यात यायला हवं. त्याच दिवशी त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टकडून निर्णयक्षमता शाबूत असल्याचा दाखला घ्या. या आजारात काहींची विचारशक्तीही बाधित होते, त्यामुळे उद्या हा प्रश्न उपस्थित होणारच. मोबाईलवर चित्रीकरण करा, बाबा स्वतः बोलताना. ते कायद्याने सक्तीचं नाही, पण मी असतो तर केल्याशिवाय राहिलो नसतो.

उपचारांची नावं घेऊन लिहा: घशातली नळी, व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र पाडणं, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, डायलिसिस. पोटातल्या नळीचं वेगळं लिहा, कारण नळीतून दिलेलं अन्न हा उपचार की अन्न, यावर वाद घातला जातो आणि बाबांचं त्यावर काय मत आहे ते तुमच्या पत्रातून मला कळलेलं नाही. गुदमरू नये म्हणून औषधं द्या, वेदना होऊ देऊ नका, हेही लिहा. बाबा व्हेंटिलेटरपेक्षा गुदमरण्याला घाबरत असावेत असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांशी त्यावर मोकळेपणी बोला, त्यावर औषधं आहेत.

इंटरनेटवरून फॉर्म उतरवताना एक सावधगिरी. मानसिक आरोग्य कायदा, 2017 च्या कलम 5 मध्येही आगाऊ निर्देश आहे आणि त्याचेच नमुने लोक भरून आणतात. तो फक्त मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आहे. इथे त्याचा उपयोग शून्य.

प्रती द्यायच्या: नाव घातलेल्या माणसांना, घरच्या डॉक्टरांना, आणि नगर निगमला. न्यायालयाने स्थानिक संस्थेने अशा कागदांसाठी जबाबदार अधिकारी नेमावा असं सांगितलं आहे. खिडकीवरच्या बाबूला हे माहीत असेलच याची खात्री देत नाही. कोणी घेत नसेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज जोडून आवक शाखेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊन या. पोच नसेल तर दिल्यासारखं नाही.

आता रुग्णालय. बाबांना जिथे न्यायचं ठरलं आहे तिथे आजच जाऊन विचारा की प्राथमिक आणि दुय्यम मंडळ नेमायची तुमची पद्धत काय आहे. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे सीएमएचओने, नेमलेला डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं, परवानगी मागायची नाही. "असं काही आमच्याकडे नसतं, पाहिजे तर लामा करून घेऊन जा" असं उत्तर मिळालं तर दुसरं रुग्णालय शोधा. लामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशी सही घेऊन रुग्णाला बाहेर काढतात, वॉर्डबॉय स्ट्रेचरच्या बाजूने हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबत ॲम्ब्युलन्सपर्यंत येतो, आणि मग ती बॅग घरच्यांपैकी कोणाच्या तरी हातात देतात. केव्हा थांबायचं ते त्याने ठरवायचं. पक्षकारांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. मंडळाची पद्धत आहे ती कोणा एकाच्या हातावर हा भार येऊ नये म्हणून.

बाबा शुद्धीत आणि सक्षम असेपर्यंत उपचार नाकारण्याचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे. त्यासाठी इच्छापत्राची वाट पाहायची गरज नाही. त्यांचा नकार डॉक्टरांनी केस पेपरवर नोंदवावा, खाली बाबांचा अंगठा घ्यावा.

स्वित्झर्लंडचं मी थोडक्यात सांगतो. तिथे स्वार्थ नसेल तर आत्महत्येला मदत करणं गुन्हा नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 प्रमाणे आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि डॉक्टरने विनंतीवरून इंजेक्शन दिलं तर संमती असूनही तो सदोष मनुष्यवध ठरतो. तिकीट काढून देणाऱ्या मुलीचं काय होईल, यावर ठाम उत्तर देणार नाही. धोका आहे एवढं समजा. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं. संथाऱ्यावर, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या जैन व्रतावर, राजस्थान उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली. त्या आधारावर घरी काही ठरवू नका.

इंजेक्शन देऊन किंवा औषध हातात देऊन मरण देण्याचा कायदा इथे व्हावा का, असं या ताईंप्रमाणे बरेच जण विचारतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने 20 जून 2025 ला तसं विधेयक 314 विरुद्ध 291 मतांनी पुढे पाठवलं. सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य, दोन डॉक्टर, त्यावर कायदेतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांचं मंडळ, आणि औषध रुग्णाने स्वतःच घ्यायचं, एवढे अटकाव ठेवूनही इतक्याच फरकाने. कॅनडाने 2016 मध्ये मरण जवळ आलेल्यांसाठी सुरुवात केली आणि 2021 मध्ये ती अट सैल केली. माझं मत विचाराल तर आज इथे मी त्या कायद्याच्या विरोधात आहे. बाबांसारख्या माणसाच्या इच्छेबद्दल मला शंका नाही. मला शंका आहे ती इच्छा तपासणाऱ्यांबद्दल. शुद्ध हरपत आलेल्या आजीचा अंगठा निळ्या शाईत बुडवून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर उठवलेला मी पुराव्यात पाहिला आहे, अर्धा ठसा कागदाबाहेर गेलेला, कारण हात दुसऱ्याने धरलेला होता. त्या कागदावरही दोन साक्षीदार होते. जिथे घरासाठी हे होतं, तिथे मरणाची परवानगी तपासायला प्रामाणिक आणि मोकळा वेळ असलेली माणसं आधी उभी करा, मग बोलू. अनेक वर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घातली ती याच भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती. संसदेने मात्र विधी आयोगाचे 2006 आणि 2012 चे दोन अहवाल समोर असतानाही कायदा केला नाही, आणि सगळा भार न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांवर राहिला. याचा जाच तुमच्यासारख्या घरांना होतो.

भावाचं राहिलं. नवं इच्छापत्र झालं आणि त्यात त्याचं नाव नसेल, तर त्याची संमती लागणार नाही. तरी तो उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आपलं खंडपीठ इंदूरलाच असल्याने त्याला मुख्य पीठासाठी जबलपूर गाठावं लागणार नाही. दुय्यम मंडळाने नकार दिला तर तोच दरवाजा तुम्हालाही उघडा आहे. राज्यघटनेच्या कलम 226 खाली अर्ज करायचा, तो दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालतो. तिथे किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही, कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून त्याला अंधारात ठेवू नका. शक्य असेल तर सहीच्या आधी बाबांनीच त्याला फोनवर सांगावं, आणि झाल्यावर एक प्रत रजिस्टर्ड डाकेने पुण्याला पाठवा, पोचपावतीसह. नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणायला जागा राहणार नाही.

जुन्या मृत्युपत्रातला तो परिच्छेद तसाच राहू दे, बाबांची इच्छा जुनीच आहे हे दाखवायला त्याचा उपयोग होईल. लॉकरमधून त्याची एक छायाप्रत काढून आणा. नोटरीला मात्र याच आठवड्यात बोलवा.