करवत लावण्याआधी दांडी मोजा

तुमची पोस्ट वाचली. चाळीस पौंडांचा (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढं बळ लागणारा) लाँगबो, लांब साधं धनुष्य. २८ इंच ड्रॉ, म्हणजे दोरीची ओढ. उजव्या हाताने नेम. हार्डवेअरच्या दुकानातल्या ८ मिलिमीटरच्या गोल दांड्यांचे बारा बाण केलेत. त्यातले काही सारखे डावीकडे जातात, दोन-तीन उजवीकडे, आणि दोन बाण नॉकपाशी, म्हणजे दोरी अडकते त्या मागच्या खाचेपाशी, चिरले. "सराव वाढवा" हा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. तो आधी बाजूला ठेवा. ठरावीक बाण दर वेळी ठरावीक बाजूला जात असेल तर दोष हाताचा नाही, दांडीचा आहे.

टोक बसवणं, पिसं चिकटवणं यावर इथे आधीच खूप लिहिलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. स्पाइनबद्दल लिहितो, म्हणजे दांडी किती वाकते त्याबद्दल. माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. एका विक्रेत्याकडून स्पाइन '४०-४५' असं लिहिलेल्या चार डझन दांड्या घेतल्या, सगळ्या एका मापात कापल्या आणि त्यानंतर मोजल्या. आकडे ३१ पासून ५८ पर्यंत निघाले. तक्रार केली तर "लाकूड आहे, इकडेतिकडे होणारच" एवढंच उत्तर. लाकूड इकडेतिकडे होतं हे खरंच आहे. पण प्रत्येक दांडी मोजून, निवडून देण्याचेच तर जास्त पैसे घेतात! तेव्हापासून गठ्ठ्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

मोजायला महाग यंत्र लागत नाही. फळीवर ६६ सेंटिमीटर (२६ इंच) अंतरावर दोन आधार ठोका. दांडी त्यावर आडवी ठेवा आणि बरोबर मध्ये ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली टांगायच्या हुकासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०७ ग्रॅम भरेल इतकं पाणी घाला, काम झालं. दांडी किती मिलिमीटर खाली आली ते पट्टीवर वाचा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. येतं ते स्पाइन, पौंडांत; आकडा जितका मोठा तितकी दांडी ताठ. दांडी १६.५ मिलिमीटर झुकली तर ४०, १४.७ झुकली तर ४५, १८.९ झुकली तर ३५.

मोजताना दांडी कशीही ठेवू नका. टोकाकडून पाहिलं की वर्षवलयांच्या समांतर रेषा दिसतात, त्या उभ्या यायला हव्यात. त्या दिशेने दांडी जास्त ताठ असते, आणि धनुष्याला तीच बाजू लागायला हवी. रेषा आडव्या ठेवून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही.

तुमच्या धनुष्याला मी ३५ ते ४० स्पाइनपासून सुरुवात करेन. लाँगबोची मूठ मध्यापर्यंत कापलेली नसेल तर बाणाला मुठीभोवती जास्त वळावं लागतं, म्हणून जरा मऊ दांडी बरी. हा अंदाज आहे, नियम नव्हे. दोरी कशाची, तुम्ही सोडता कसे, यावर तो पाच पौंड इकडे किंवा तिकडे सरकतो.

आता माझ्या चुकीकडे येतो, मोजण्याआधी कापण्याच्या. कापण्याने या फळीवरचा आकडा बदलत नाही, आधारांमधलं अंतर तेवढंच राहतं. पण धनुष्यातून सुटताना बाण ताठ वागू लागतो, एक इंच कमी झाला की साधारण ५ पौंडांनी. म्हणजे बाण धनुष्याला जुळवायचा सगळ्यात स्वस्त उपाय लांबी हाच आहे, आणि मी तो पहिल्याच दिवशी करवतीने फेकून दिला. म्हणून दांडी आधी ३० इंच ठेवा. दोन बाणांना पिसं लावू नका. १५ मीटरवरून पिसांचे बाण आणि बिनपिसांचे बाण एकत्र मारून पाहा. उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर दांडी ताठ आहे, उजवीकडे लागला तर मऊ. मऊ निघाली तर अर्धा-अर्धा इंच कापत जा. जवळून मारून निष्कर्ष काढू नका, आणि बाण सोडताना तुमचाच हात थरथरत असेल त्या दिवशीही नको.

तुमचे डावीकडे जाणारे बाण आधीच कापलेले असतील तर दोन उपाय उरतात. एक, जड टोक. दुसरा, घासणं. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ८ मिलिमीटरची दांडी फक्त ०.२ मिलिमीटर बारीक केली तरी जवळजवळ दहा टक्के मऊ होते. ४५ ची ४० होते. फक्त मधला भाग घासा, दोन्ही टोकं नाही, नाहीतर टोक आणि नॉक ढिले बसतील. दर वीस-तीस फेऱ्यांनी मोजा. उजवीकडे जाणाऱ्या बाणांना हलकं टोक लावून पाहा, नाहीतर ते हलक्या धनुष्यासाठी बाजूला ठेवा.

टोकांबद्दल एक सूचना. बाणांची वजनं ग्रेन या लहान एककात सांगतात; १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम. ग्रेनला ग्रॅम समजून मागवू नका. एका संचातले बाण एकमेकांपासून १० ग्रेनच्या (०.६५ ग्रॅम) आत असावेत. चाळीस पौंडांना पूर्ण बाण ३६० ग्रेनपेक्षा हलका नको, हलका बाण धनुष्याला मार देतो.

चिरलेल्या दोन बाणांचं कारण बहुधा खाचेची दिशा. खाच वर्षवलयांच्या रेषांना आडवी छेदणारी हवी. समांतर पाडली की दोरीचा दाब पाचर ठोकल्यासारखा लाकूड उकलतो. लाकडातच खाच पाडली असेल तर तिच्या खाली दोरा गच्च गुंडाळून त्यावर गोंद लावा. हार्डवेअरच्या दांड्यांमध्ये लाकडाची रेष टोकापर्यंत न जाता अर्ध्यातच दांडीच्या बाजूने बाहेर पडणं नेहमीचं. तशी दांडी मी बाण म्हणून वापरत नाही. थोडी रेष बाहेर पडत असेल तर वरच्या बाजूला तिची टोकदार निमुळती खूण पुढे, लक्ष्याकडे येईल अशी ठेवा. तुटलीच तर मागचा तुकडा हाताच्या वरून निघून जातो, हातात घुसत नाही. ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. प्रत्येक वेळी बाण हलका वाकवून कानाशी धरा, कट्कन आवाज आला तर मोडून टाका. गोंद लावून वाचवू नका.

पावसाळ्यात दांड्या घेतल्या असतील तर त्या तीन-चार आठवडे घरात आडव्या ठेवा आणि वजन घटणं थांबेपर्यंत काटा पाहा. ओली दांडी खोटा आकडा दाखवते. सुकल्यावर सुताराचं फ्रेंच पॉलिश चालतं, पण पाण्याने ते पांढरं पडतं. कोकणात असाल तर पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात बरे. तेल लावायचं असेल तर पिसांची जागा सोडा, नाहीतर गोंद धरत नाही.

पिसं पोल्ट्रीच्या टर्कीची घ्या, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. घार-गिधाडाची पिसं कुठे पडलेली मिळाली तरी वापरू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो या बाबतीत कडक आहे.

बाराही बाण मोजा, आकडे आणि प्रत्येकाची लांबी इथे टाका. मग कोणता घासायचा आणि कोणता मोडायचा ते सांगतो.